ऐंशी रकान्यांची वाटचाल : मायनर प्लॅनेट सेंटर आणि हौशी वेधकर्ते

८ डिसेंबर १८४५ रोजी प्रशियातील द्रीझन या लहानशा गावी कार्ल लुडविग हेन्के या निवृत्त टपालमास्तरांना नकाशात नसलेला एक मंद बिंदू आकाशात दिसला. त्यासाठी त्यांनी सुमारे पंधरा वर्षे आपल्या घरातून ताऱ्यांचे नकाशे काढत, ते पुनःपुन्हा आकाशाशी ताडून पाहत काढली होती. १८०७ नंतर एकही नवा लघुग्रह सापडला नव्हता. चारच लघुग्रह आहेत असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. हेन्के यांच्या ‘अॅस्ट्रिया’ने तो समज मोडला. लघुग्रहांच्या इतिहासात हौशी माणसाचा हात असा आरंभापासून आहे. त्याआधी ‘पॅलस’ आणि ‘वेस्टा’ शोधणारे ओल्बर्स हे ब्रेमेनमधील वैद्यकीय व्यवसाय करणारे गृहस्थ होते. घराच्या वरच्या मजल्यावर त्यांची दुर्बीण असे. १८५२ मध्ये पॅरिसमधील आपल्या राहत्या जागेतून ‘ल्युटेशिया’ शोधणारे हर्मान गोल्डश्मिट व्यवसायाने चित्रकार होते. त्यांच्या नावावर एकूण चौदा लघुग्रह आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅसॅच्युसेट्स राज्यातील जोएल मेटकाफ या धर्मोपदेशकांनी चाळीसहून अधिक लघुग्रह टिपले. लघुग्रहाच्या अपेक्षित गतीने दुर्बीण सरकवत राहायची, म्हणजे तारे रेघांसारखे उमटतात आणि लघुग्रह बिंदूसारखा राहतो, ही त्यांची युक्ती.

तथापि, लघुग्रह दिसणे वेगळे आणि तो हाती राहणे वेगळे. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझी यांना पालेर्मो येथे ‘सेरेस’ दिसला, काही आठवड्यांत तो सूर्याच्या तेजात गेला आणि हरवला. गाउस यांनी मोजक्या वेधांवरून कक्षा काढली, म्हणून वर्षअखेरीस तो पुन्हा सापडला. या घटनेने पुढच्या दोन शतकांचा कामाचा क्रम ठरवून दिला: वेध, कक्षा, भाकीत आणि पुन्हा वेध. यातला एक दुवा तुटला की शोध वाया जातो. १८९१ मध्ये माक्स वोल्फ यांनी छायाचित्रण पट्टिकेवर लघुग्रह शोधला आणि संख्या भराभर वाढू लागली. वाढत्या पसाऱ्याचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी मुख्यतः बर्लिन येथील खगोलगणित संस्थेने अनेक दशके वाहिली. क्रमांक देणे, पंचांग छापणे, दुरावलेल्या लघुग्रहांचा माग काढणे ही कामे तिच्याकडे होती.

दुसऱ्या महायुद्धाने ही घडी विस्कटली. बर्लिनची संस्था स्थलांतरित झाली, वेधशाळांमधील पत्रव्यवहार थांबला. लघुग्रह मात्र आपल्या मार्गाने चालतच राहिले आणि प्रत्येक न टिपलेल्या वर्षागणिक त्यांच्या कक्षांमधील अनिश्चितता वाढत गेली. युद्धानंतर आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने कामाची नव्याने वाटणी केली. वार्षिक पंचांगाचे काम लेनिनग्राडच्या सैद्धान्तिक खगोलशास्त्र संस्थेकडे गेले. वेध गोळा करणे, कक्षा सुधारणे, क्रमांक देणे आणि परिपत्रके काढणे यासाठी १९४७ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी वेधशाळेत मायनर प्लॅनेट सेंटरची स्थापना झाली. शीतयुद्धाच्या दशकांतही ही वाटणी टिकली, ही गोष्ट आवर्जून नोंदवण्यासारखी आहे.

केंद्राचे पहिले संचालक पॉल हर्गेट. त्यांच्या हाती त्या वेळी दीड हजारांहून थोडे अधिक क्रमांकित लघुग्रह होते. त्यांतील कित्येकांच्या कक्षा इतक्या जुन्या झाल्या होत्या की आकाशात त्यांना नेमके कुठे शोधावे हे सांगता येत नव्हते. मनुष्यबळ तुटपुंजे आणि पैसा बेताचाच होता. हर्गेट यांच्याजवळ एक गोष्ट मात्र होती, ती म्हणजे यंत्रगणनेवरचा विश्वास. वेध, कक्षेचे घटक आणि भाकिते त्यांनी छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर, म्हणजे पंचकार्डांवर आणली. एका पत्त्यावर ऐंशी रकाने. त्या पत्त्याच्या मापाची ऐंशी अक्षरांची ओळ हेच पुढे लघुग्रहाच्या वेधाचे जगभरचे रूप ठरले.

ही ओळ जरा थांबून पाहायला हवी, कारण केंद्राचे सारे काम तिच्यात सामावलेले आहे. पहिल्या रकान्यांत लघुग्रहाचा क्रमांक किंवा तात्पुरती खूण. तेराव्या रकान्यात, ज्या वेधाला शोधाचा मान मिळाला असेल त्याच ओळीत, एक चांदणी. पुढे दिनांक, दिवसाच्या दशांश भागांसह. मग विषुवांश, मग क्रांती, म्हणजे आकाशातील जागेचे दोन निर्देशांक. त्यानंतर तेजाची प्रत. आणि शेवटच्या तीन रकान्यांत वेधशाळेचा संकेतांक. ग्रीनिचचा संकेतांक शून्य-शून्य-शून्य, पालोमार पर्वताचा ६७५, तमिळनाडूतील कावलूरचा २२०. दुर्बीण किती मोठी, माणूस पगारी की हौशी, पदवी कोणती, यासाठी या ओळीत रकानाच नाही. वेध अचूक असेल तर तो कक्षेत बसतो, नसेल तर बाजूला पडतो.

सिनसिनाटीतली तीन दशके शांतपणे, पण कष्टात गेली. इंडियाना विद्यापीठाने १९४९ ते १९६७ या काळात हरवलेले लघुग्रह शोधण्याची मोहीम चालवली. १९६० मध्ये पालोमार आणि लायडन यांच्या संयुक्त पाहणीने सुमारे दोन हजार अंधुक लघुग्रहांची भर घातली. या सगळ्याचा हिशेब सिनसिनाटीतील मूठभर माणसे ठेवत होती. या काळात हौशी वेधकर्ते मात्र नव्या लघुग्रहांच्या शोधातून जवळजवळ दिसेनासे झाले होते. तेजस्वी लघुग्रह संपले होते. उरलेल्यांसाठी मोठी दुर्बीण, छायाचित्रण पट्टिका, मोजणीयंत्र आणि कक्षागणित एवढे सगळे लागे. घराच्या गच्चीवर ते कसे जमावे?

१९७८ हे वर्ष केंद्राच्या वाटचालीत दोन कारणांनी महत्त्वाचे. हर्गेट निवृत्त झाले आणि केंद्र मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे स्मिथसोनियन खगोलभौतिकी वेधशाळेत हलले. संचालकपदी ब्रायन मार्सडेन आले. धूमकेतूंच्या कक्षांचे ते जाणते अभ्यासक होते आणि नव्या शोधांच्या तारा जगभर पाठवणारा खगोलशास्त्रीय तारांचा मध्यवर्ती विभाग १९६८ पासून सांभाळत होते. सिनसिनाटीतून कॉनराड बार्डवेल त्यांच्याबरोबर आले, त्यामुळे जुन्या कामाची सलगता राहिली.

दुसरे कारण त्याच वर्षी १२ मार्चला जपानमध्ये घडले. ताकेशी उराता या हौशी खगोलनिरीक्षकांनी आपल्या निरीक्षणस्थानावरून घेतलेल्या छायाचित्रांत एक अनोळखी सरकता बिंदू टिपला. निरीक्षणस्थानाचे नाव ‘याकिइमो’, म्हणजे भाजलेले रताळे. थंडीच्या रात्री जपानच्या गल्ल्यांत विकायला येणारा हा साधा खाऊ एका वेधशाळेचे नाव होऊन आंतरराष्ट्रीय नोंदीत गेला. बिंदूला तात्पुरती खूण मिळाली ती ‘१९७८ ईए’. या खुणेची रीत सोपी आहे. वर्षाचे चोवीस पंधरवडे धरायचे, प्रत्येकाला रोमन लिपीतले एक अक्षर द्यायचे, ‘आय’ वगळायचे. पाचवे अक्षर ‘ई’ म्हणजे मार्चचा पहिला पंधरवडा. पुढचे ‘ए’ म्हणजे त्या पंधरवड्यातली पहिली नवी वस्तू. कक्षा पक्की झाल्यावर या लघुग्रहाला २०९० हा क्रमांक मिळाला आणि उराता यांनी त्याला आपल्या मुलीचे नाव दिले, ‘मिझुहो’. मंगळ आणि गुरू यांच्यामधील मुख्य पट्ट्यातला हा एक सामान्य खडक. पण हौशी माणसाने नवा लघुग्रह शोधून तो क्रमांकापर्यंत नेला, असे कित्येक दशकांनंतर घडले होते.

यानंतर जपानमधून हौशी वेधांचा जो ओघ सुरू झाला, त्याला तोड नाही. एका शोधामागे काय काय लागे हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. आकाशाच्या एकाच भागाची काही वेळाच्या अंतराने दोन छायाचित्रे घ्यायची. दहा, वीस, तीस मिनिटे दुर्बीण ताऱ्यांबरोबर अचूक फिरत राहिली पाहिजे, म्हणून निरीक्षकाचा डोळा मार्गदर्शक दुर्बिणीला खिळलेला. पट्टिका धुवायच्या, वाळवायच्या आणि मग दोन्ही शेजारी ठेवून हजारो ताऱ्यांत जागा बदललेला एक ठिपका शोधायचा. सापडला तर भोवतालच्या ओळखीच्या ताऱ्यांपासून त्याचे अंतर यंत्राने मोजायचे. त्या ताऱ्यांच्या जागांसाठी लागे ती २,५८,९९७ ताऱ्यांची सूची, जी १९६६ मध्ये केंब्रिजच्याच स्मिथसोनियन वेधशाळेने प्रसिद्ध केली होती. मग गणित. मग पत्र किंवा तार. आणि एवढे झाल्यावर दुसऱ्या रात्री आकाश ढगाळ असले तर सारे व्यर्थ, कारण एका रात्रीच्या वेधाने शोध सिद्ध होत नाही.

शिकोकू बेटावरील कोची परगण्यात गिटारचे शिक्षक त्सुतोमु सेकी १९६५ च्या इकेया-सेकी धूमकेतूमुळे जगाला ठाऊक होते. गेइसेइ येथील वेधशाळेतून त्यांनी लघुग्रहांचे काम हाती घेतले. तिथली ६० सेंटिमीटरची दुर्बीण प्रकाशीय उपकरणांचे निर्माते सेइझो गोतो यांची देणगी. ९ फेब्रुवारी १९८१ च्या वेधांतून जे लघुग्रह निघाले, त्यांतील एकाचे नाव ‘कोची’ आणि एकाचे ‘गोतो’. सेकी यांच्या नावावर पुढे दोनशेहून अधिक लघुग्रह जमा झाले. गाव, नदी, पूल, परगण्याचा वीरपुरुष रयोमा, सगळे त्यांनी आकाशात नेले. होक्काइडोतील कितामी येथे किन एन्दाते आणि काझुरो वातानाबे ही जोडी अशीच अखंड काम करत राहिली. १५ ऑक्टोबर १९९३ रोजी त्यांना सापडलेल्या एका लघुग्रहाला पुढे ४६६१० हा क्रमांक मिळाला. सोळाच्या आधाराने मोजणाऱ्या गणनपद्धतीत हा आकडा ‘बी६१२’ असा लिहिला जातो. सेंत-एक्झुपेरी यांच्या छोट्या राजपुत्राच्या लघुग्रहाचे नाव तेच, म्हणून हा लघुग्रह ‘बेसीदूझ’ झाला. या साऱ्या वेधांमागे कक्षागणिताचा आधार होता तो आवाजी बेटावरील सुमोतो गावच्या स्युइची नाकानो यांचा. जपानी निरीक्षकांचे वेध तपासणे, जुन्या वेधांशी त्यांचा मेळ घालणे आणि ते केंब्रिजला पोहोचवणे हे काम त्यांनी दशकानुदशके केले. शोधकांच्या यादीत त्यांचे नाव क्वचित दिसते. केंद्राच्या इतिहासात त्यांचे स्थान मात्र मोठे आहे.

केंद्राचा कारभार या काळात शिस्तीने बांधला गेला. एखाद्या नव्या वस्तूला लगेच क्रमांक मिळत नाही. पृथ्वीवरून पाहता ती सूर्याच्या नेमक्या विरुद्ध बाजूला येते, त्या स्थितीला प्रतियुती म्हणतात. मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहाची प्रतियुती साधारण सव्वा ते दीड वर्षाने येते. साधारणतः चार प्रतियुतींत वेध मिळाले, कक्षा पुरेशी घट्ट झाली, की मग क्रमांक. क्रमांकानंतर नाव सुचवण्याचा मान शोधकाचा, आणि त्यासाठी मुदत दहा वर्षांची. नाव सोळा अक्षरांत बसावे, उच्चारता यावे, कोणाला बोचू नये. राजकीय आणि लष्करी व्यक्तींच्या बाबतीत मृत्यूनंतर शंभर वर्षे लोटलेली असावीत. नावे मंजूर करणारी समिती आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची. नावे विकत मिळत नाहीत. पैसे घेऊन ताऱ्यांना नावे देण्याची दुकाने सर्वत्र निघाली, पण लघुग्रहाचे नाव आजही वेधातूनच येते.

ज्याला वेध पाठवायचे असतील त्याला आधी आपली जागा सिद्ध करावी लागे. ओळखीच्या लघुग्रहांचे निरनिराळ्या रात्रींचे वेध पाठवायचे. चूक एका विकलेच्या आसपास किंवा त्याहून कमी राहिली तर संकेतांक मिळतो. एक विकला म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग. या परीक्षेत उतरलेल्या परसदारच्या दुर्बिणी शेकड्यांनी नोंदवल्या गेल्या.

१९९० च्या दशकात छायाचित्रण पट्टिकेची जागा सीसीडी या विद्युत संवेदकाने घेतली आणि हौशी वेधकर्त्यांचा सुवर्णकाळ सुरू झाला. पूर्वी अर्ध्या तासाच्या छायाचित्रात जे उमटत नसे ते आता काही मिनिटांत लहान दुर्बिणीतून दिसू लागले. मोजणी संगणकाच्या पडद्यावर होऊ लागली. ऑस्ट्रियाचे हर्बर्ट राब, स्वतः हौशी निरीक्षक, यांनी ‘अॅस्ट्रोमेट्रिका’ ही आज्ञावली लिहिली, आणि ती जगभरच्या निरीक्षकांची रोजची सोबती झाली. जपानच्या गुन्मा परगण्यातील ओइझुमी येथून ताकाओ कोबायाशी यांनी अवघ्या २५ सेंटिमीटरच्या दुर्बिणीने दोन हजारांहून अधिक लघुग्रह शोधले. अॅरिझोनातील प्रेस्कॉट येथे निवृत्तीनंतर पॉल कोम्बा यांनी सहाशेहून अधिक. क्रोएशियात इस्त्रियातील विश्न्यान गावी कोराडो कोर्लेविच आणि त्यांच्या भोवती जमलेली शाळकरी मुले यांनी हजाराहून अधिक. केंद्राची इलेक्ट्रॉनिक परिपत्रके १९९३ पासून निघू लागली, त्यामुळे रात्री घेतलेला वेध सकाळी जगाला दिसू लागला.

याच काळात केंद्राने जुने ऋणही फेडले. पूर्वी क्रमांक मिळूनही हरवलेल्या लघुग्रहांची यादी वर्षागणिक आखडत गेली. १९१६ मध्ये सापडून हरवलेला ‘मिल्ड्रेड’ १९९१ मध्ये केंद्रातील गॅरेथ विल्यम्स यांनी हुडकला. यादीत उरलेला अखेरचा लघुग्रह ‘अल्बर्ट’, १९११ पासून बेपत्ता. १ मे २००० रोजी अॅरिझोनाच्या स्पेसवॉच दुर्बिणीतून एक वस्तू दिसली आणि विल्यम्स यांनी गणिताने ओळखले की हाच तो ‘अल्बर्ट’. ८९ वर्षांनी सापडलेल्या या लघुग्रहाने हरवलेल्यांची ती यादी मिटवली. हर्गेट यांनी पत्त्यांच्या गठ्ठ्यांनी सुरू केलेले काम इथे पुरे झाले. ते पाहायला ते नव्हते, १९८१ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

१९९८ हे वर्ष कसोटीचे ठरले. ११ मार्च रोजी मार्सडेन यांनी ‘१९९७ एक्सएफ११’ या पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहाविषयी परिपत्रक काढले. २०२८ मध्ये तो पृथ्वीच्या फार जवळून जाईल, अशी त्या वेळच्या वेधांवरून काढलेली शक्यता त्यात होती. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती बातमी भयाची केली. दुसऱ्याच दिवशी एलिनॉर हेलिन यांच्या गटाने १९९० च्या पालोमार छायाचित्रांत तोच लघुग्रह शोधून काढला आणि सुधारित कक्षेने धोका नसल्याचे दाखवले. केंद्रावर टीका झाली, कडक झाली. मार्सडेन यांनी ती खुलेपणाने सोसली आणि आपला उद्देश जुने वेध हुडकायला लोकांना प्रवृत्त करण्याचा होता असे मांडत राहिले. एक मात्र खरे की जुने वेध त्या परिपत्रकामुळेच हुडकले गेले. धोक्याची शक्यता जाहीर करण्याआधी गणित परस्पर तपासून घेण्याची रीत त्यानंतर रुजली.

त्याच वर्षी न्यू मेक्सिकोतील सोकोरो येथे ‘लिनिअर’ ही स्वयंचलित पाहणी पूर्ण वेगाने सुरू झाली. एका रात्रीत ती जेवढे आकाश धुंडाळी तेवढे एखाद्या हौशी निरीक्षकाला वर्षभरात शक्य नव्हते. पाठोपाठ कॅटालिना आणि पॅन-स्टार्स आल्या. क्रमांकांची संख्या १९९९ मध्ये दहा हजार आणि २००५ मध्ये एक लाख झाली. ज्यांनी रात्री जागून एकेक ठिपका वेचला होता, त्यांच्या हातून नव्या शोधांचे क्षेत्र काही वर्षांतच निसटले. ही हानी खरी होती, आणि अनेक दुर्बिणी या काळात शोधकामातून निवृत्त झाल्या.

मात्र वेधांची गरज संपली नव्हती. मोठ्या पाहणीने एखादी संशयास्पद वस्तू टिपली की ती पुढे सरकते, आणि पहाट होताच तिथली दुर्बीण आंधळी होते. तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला कोणीतरी जागे असावे लागते. पडताळणीसाठीच्या अशा वस्तूंची यादी केंद्राने सर्वांसाठी खुली केली. ६ ऑक्टोबर २००८ रोजी रिचर्ड कोवाल्स्की यांना कॅटालिना पाहणीत एक छोटी वस्तू दिसली, ‘२००८ टीसी३’. केंद्राच्या गणितात ती थेट पृथ्वीवर येताना दिसली. पुढच्या सुमारे वीस तासांत व्यावसायिक आणि हौशी दोन्ही प्रकारच्या दुर्बिणींनी तिचे शेकडो वेध घेतले, आणि ७ ऑक्टोबरला ती सुदानच्या वाळवंटावर, सांगितलेल्या वेळी, वातावरणात जळाली. अवकाशात आधी पाहिलेला आणि मग जमिनीवर वेचलेला हा पहिला अशनी. वाळवंटातून त्याचे तुकडे खार्टूम विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी गोळा केले. पुढे ३० ऑगस्ट २०१९ रोजी क्रिमियातील गेन्नादी बोरिसोव्ह या हौशी निरीक्षकाने स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून दुसऱ्या सूर्यमालेतून आलेला धूमकेतू शोधला. तो वेधही केंद्राच्या त्याच वाटेने आला.

नेतृत्व बदलत गेले. २००६ मध्ये मार्सडेन यांच्यानंतर टिमोथी स्पार आले, मग मॅथ्यू होल्मन आणि त्यांच्यानंतर मॅथ्यू पेन. मार्सडेन यांचे १८ नोव्हेंबर २०१० रोजी निधन झाले. जगभरच्या हौशी निरीक्षकांशी त्यांनी राखलेला संबंध ही केंद्राची त्यांनी ठेवलेली मोठी ठेव. केंद्राला एकेकाळी संगणकांसाठीही देणगीवर अवलंबून राहावे लागले होते. आता मुख्य भार नासा उचलते. तरीही जगातील सर्व लघुग्रहांचा हिशेब ठेवणारी ही संस्था आजही मोजक्या माणसांची आहे.

भारतीय वाचकांच्या दृष्टीने २०१५ ची एक नोंद विशेष. १० ऑक्टोबर १९८८ रोजी जपानच्या टोयोटा शहरातून केन्झो सुझुकी या हौशी निरीक्षकांनी मुख्य पट्ट्यातला एक लघुग्रह शोधला होता. तात्पुरती खूण ‘१९८८ टीपी’, क्रमांक ४५३८. कक्षा पक्की, क्रमांक पक्का, पण नावाविना तो कित्येक वर्षे राहिला. केंद्रात काम करणारे मायकेल रुडेन्को बुद्धिबळाचे चाहते. त्यांनी विश्वनाथन आनंद यांचे नाव सुचवले आणि ४५३८ क्रमांकाचा लघुग्रह ‘विशीआनंद’ झाला. चार वर्षांनी, २०१९ मध्ये, मुंबईचे पंडित जसराज यांचे नाव ३००१२८ या लघुग्रहाला मिळाले. २८ जानेवारी १९३० ही त्यांची जन्मतारीख उलट्या क्रमाने त्या क्रमांकात आहे. तो २००६ मध्ये अॅरिझोनातील मोठ्या पाहणीने टिपला होता. एक लघुग्रह हाताने वेचलेला, दुसरा यंत्राने. केंद्राच्या दफ्तरात दोघांची पाने सारखीच.

महाराष्ट्रात हौशी खगोलनिरीक्षणाची परंपरा जुनी आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ ची, म्हणजे केंद्राहून तीन वर्षांनी थोरली. अलीकडे मराठी घरांत मायनर प्लॅनेट सेंटरचे नाव पोहोचले ते विद्यार्थ्यांमुळे. २००६ मध्ये टेक्सासमधील पॅट्रिक मिलर यांनी सुरू केलेल्या आंतरराष्ट्रीय शोध उपक्रमात मोठ्या दुर्बिणींची छायाचित्रे शाळा-महाविद्यालयांना दिली जातात. मुले ‘अॅस्ट्रोमेट्रिका’त ती एकापाठोपाठ एक लावतात, सरकणारा ठिपका शोधतात आणि मोजणी केंद्राकडे पाठवतात. महाराष्ट्रातील विद्यार्थीही त्यात उत्साहाने भाग घेतात. ‘अमुक विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला’ अशी बातमी आली की गावाला आनंद होतो, आणि तो रास्त आहे. मात्र हाती आलेले प्रमाणपत्र ही पहिली पायरी असते, हे त्या मुलांना नीट सांगितले पाहिजे. प्राथमिक नोंदीपासून तात्पुरत्या खुणेपर्यंत आणि तिथून क्रमांकापर्यंत अनेक वर्षे जातात. अनेक ठिपके पूर्वी कोणी पाहिलेल्या लघुग्रहांचेच निघतात. हेन्के यांनी पंधरा वर्षे वाट पाहिली. ज्या मुलाला हे कळते, तो दुसऱ्या मोहिमेलाही बसतो.

२०२५ मध्ये चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने आपली पहिली दृश्ये जाहीर केली. सुमारे दहा तासांच्या निरीक्षणांत २,१०४ नवे लघुग्रह त्यांत सापडले. केंद्राच्या दफ्तरातील एकूण संख्या आता चौदा लाखांच्या घरात आहे आणि ती काही वर्षांत अनेक पटींनी वाढेल. ऐंशी रकान्यांच्या ओळीत एवढी अचूकता आणि एवढी माहिती मावेनाशी झाली, म्हणून नवा, अधिक प्रशस्त नमुना आला आहे. हर्गेट यांच्या पत्त्याचे माप अखेर सुटते आहे. हौशी निरीक्षकांची कामेही बदलली. लघुग्रह स्वतःभोवती किती वेळात फिरतो हे तेजाच्या चढउतारावरून मोजणे, तो एखाद्या ताऱ्यासमोरून जाताना तारा किती क्षण झाकला गेला हे टिपून त्याचा आकार काढणे, आणि केंद्राच्या एकाकी वेधांच्या गठ्ठ्यात बसून एकेका रात्रीच्या अनाथ नोंदींची जुळणी करणे, ही कामे लहान दुर्बिणीने, कधीकधी दुर्बिणीशिवायही होतात.

जुन्या ओळी मात्र आहेत तशा जपलेल्या आहेत. २०९० या क्रमांकाची नोंद उघडली की मार्च १९७८ चा तो वेध समोर येतो, त्याच्या खाली वर्षावर्षांचे वेध, नाना देशांच्या संकेतांकांचे, आणि दर प्रतियुतीला त्यांत भर पडते. ‘मिझुहो’ची कक्षा आता एवढी पक्की आहे की पुढची कित्येक दशके तो कोणत्या रात्री कुठे असेल हे सांगता येते.